भर दुपारचा राब

१

त्या वर्षीच्या मे महिन्यात ऐनाच्या पाड्यावर असं ऊन होतं, की कमळूचा बैल स्वतःच्याच सावलीत बसायला म्हणून गोल गोल फिरायचा आणि शेवटी चक्कर येऊन पडायचा. असल्या उन्हात महादू घुडे गारठून मेला, अशी बातमी सोमवारी सकाळी गावात पसरली. आणि गंमत अशी, की कुणालाच ती खोटी वाटली नाही.

महादू राखणदार होता तो धसईच्या वाटेवरच्या विद्यापीठाच्या नव्या इमारतीवर, आणि त्या इमारतीचं काही सांगू नका. भाजलेली वीट म्हणून तिथं नव्हती. तिथलीच लाल माती यंत्रात दाबून केलेल्या कच्च्या विटांच्या हातभर जाड भिंती. एसी नाही. शेजारच्या भागीच्या बांधालगत जाळी लावलेलं एक तोंड होतं. तिथून हवा आत शिरायची, बारा फूट खोल पुरलेल्या, माणूस रांगत जाईल एवढ्या नळातून सत्तर पावलं चालायची, आपला सगळा ताप मातीला देऊन टाकायची आणि मोठ्या वर्गात पायऱ्यांखालच्या झरोक्यांतून गार होऊन निघायची. गच्चीवर काळ्या पत्र्याचं उंच धुराडं. ते उन्हानं तापलं की वर्गातली हवा आपोआप वर ओढून घ्यायचं. जितकं ऊन जास्त, तितका आत गारवा जास्त. गावानं त्या नळाला 'भुयार' नाव ठेवलं होतं. वर्ग जूनमध्ये भरायचे होते, पण निम्म्या गावानं तिथं दुपारची झोप आधीच काढली होती. सापगावच्या एका पाहुण्यानं तर म्हणे वैशाखात तिथं बसून कानटोपी मागवली.

संजीवनी पष्टे गावची पोलीस पाटील. वय पन्नास, चार एकर भात, दोन म्हशी आणि गावातल्या प्रत्येक भांडणाची तारीख तोंडपाठ. निरोप आला तेव्हा ती गोठ्यात होती. हात पदराला पुसत तशीच निघाली.

मोठा वर्ग पायऱ्यापायऱ्यांचा होता. शेवटच्या बाकामागे, झरोक्याच्या अगदी तोंडाशी, महादू कुशीवर निजला होता. अंगात नवा पांढरा सदरा. उशाला टोपी. शेजारी कापडी पिशवी, तिच्यात नारळ आणि हिरव्या खणाची घडी.

"मी आठला आलो तर हा असा," कुंडलिक देसले म्हणाला. कुंडलिक म्हणजे ठेकेदाराचा मुकादम, नळ पुरण्यापासून छप्पर घालण्यापर्यंतची कामं त्याच्या माणसांनी केलेली. "मी म्हनलं, गारठला. रातभर इथं निजला आसंल."

संजीवनी वाकली. महादूच्या नाकपुड्यांत काळं होतं. झरोक्याच्या वर, पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर, कुणी जीभ फिरवावी तसा काळा पट्टा उठला होता.

"गारठून नाय रे कुंडलिक. धुरानं गेलाय."

"धूर? हितं ना चूल ना बिडी. धूर येईल कुठनं?"

संजीवनीनं झरोक्याकडे बोट केलं आणि काही न बोलता बाहेर पडली. सत्तर पावलं उन्हातून चालत ती बांधाशी गेली. हवा आत घेणाऱ्या जाळीसमोर राखेचा ढीग होता. तिनं त्यात हात घातला.

राख अजून कोमट होती. आणि बांध भागीचा होता.

२

फौजदार खरटमल मूळचे सोलापूरकडचे. चांगला माणूस, पण ज्वारीच्या मुलखातला. राब म्हणजे काय, हे त्यांना गावकऱ्यांनी सांगावं लागलं: भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, फांद्या, पाला, गवत असं एकावर एक रचतात आणि पावसाच्या आधी भाजून काढतात, म्हणजे तण मरतं आणि रोप जोमात येतं. बापजाद्यांपासूनची रीत.

"म्हणजे या दिवसांत इथं सगळेच आग लावतात?"

"आग नाय साहेब. राब."

"तेच ते," खरटमल म्हणाले आणि त्यांनी भागीला बोलावून घेतलं.

भागी आली ती डोक्यावरच्या करवंदांच्या पाटीसकट. साठीची, वाळल्या खारकेसारखी, एकटी राहणारी. आठ दिवसांपूर्वी तिनं याच बांधावर उभं राहून सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा तमाशा केला होता. इमारतीच्या प्रमुख डॉ. प्रियांका विशे तिला समजवायला आल्या होत्या, की मावशी, या बाजूला राब भाजू नका, धूर आत जाईल. त्यावर भागी काय बोलली ते निम्म्या तालुक्याला पाठ झालं होतं.

"बोललीस का नाही?" खरटमलांनी विचारलं.

"बोलली तर. म्हनलं, तुमच्या बिल्डिंगीला गार वारा पायजे म्हणून आमी उपाशी मरू काय? म्हनलं, एक दिस आसा धूर घालीन का पोरं खोकत घरी जातील." भागीनं पाटी खाली ठेवली. "पन साहेब, बोलनं आन करनं यात बांधायेवढं अंतर हाय. माजा राब मी अक्षय तृतीयेच्या आधीच भाजला. वरच्या खाचरात जाऊन बघा."

"काल दिवसभर कुठं होतीस?"

"डोंगरात. करवंदं काढत."

"कुणी पाहिलं?"

"करवंदीनं."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. वर्गातून महादूला बाहेर आणत होते.

प्रियांकाबाई ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक. या पंचक्रोशीतली ती पहिली पीएचडी. तिची आई धसईच्या बाजारात भाजी विकायची. पोरीनं शिकावं म्हणून त्या बाईनं लेकीच्या हाताला कधी शेण लागू दिलं नव्हतं. राबाच्या दिवसांत पोरगी पडवीत पुस्तक घेऊन बसायची आणि आईचा पाल्याचा भारा निम्मा संजीवनी उचलायची. आई गेली, पोरगी परदेशात जाऊन इमारती गार कशा ठेवायच्या ते शिकली, आणि आपल्याच मातीत परत आली. गावाला तिचा अभिमान असा, की तिच्या गाडीपुढून मांजरसुद्धा आडवं जात नसे.

दुपारी मुरबाडहून डॉक्टरांचा निरोप आला: धुरानं गुदमरून मृत्यू. वेळ रविवार दुपारची. खरटमलांनी भागीला महिला पोलिसाशेजारी गाडीत बसवलं.

"उद्या दहाला हिला जागा दाखवायला आणतो, मग कोर्टात. पाटीलबाई, पंच तयार ठेवा."

भागीनं गाडीतून मान बाहेर काढली. "संजू, माज्या शेळीला पानी दाखव गो. आन ह्यांना सांग, मी येवडी अडानी नाय."

शेवटचं वाक्य संजीवनीच्या मनात रुतलं. अडाणी? राब भाजण्यात?

गाडी गेल्यावर ती परत राखेपाशी जाऊन बसली. आणि पाच मिनिटांत तिला कळलं, की भागी खरं बोलत होती.

३

राख वाचणं ज्याला येतं, त्याला पोथी वाचता आली नाही तरी चालतं. संजीवनीला दोन्ही येत होतं.

ढीग न हलवता तिनं काटकीनं एक कडा कापली, जशी खरवसाची वडी कापतात. तळाला जळलेलं शेण. त्यावर ऐनाच्या फांद्यांचे कोळसे. मग पाल्याची राख. मग गवताची. थर अगदी बिनचूक. वरून मात्र काहीच नाही.

राब रचून झाला की वर बारीक माती पसरतात. ती नसली तर राख वाऱ्यावर उडून शेजाऱ्याच्या शेतात जाते आणि आग खाली भाजायच्या ऐवजी वर भडकते. नवी सून पहिल्या वर्षी माती विसरली, तर सासू तिला दुसऱ्या वर्षापर्यंत ऐकवते.

दुसरं. राब नेहमी वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवतात, म्हणजे आग वाऱ्याशी भांडत, रांगत पुढं सरकते. इथं तर वारा जिकडून येतो तिकडूनच काडी लागलेली दिसत होती. त्या बाजूच्या फांद्या पार जळून गेल्या होत्या आणि जाळीकडच्या नुसत्याच काळवंडल्या होत्या. त्यांच्याखाली ओल्या गोणपाटाचा तुकडा. धूर वाढवायला.

आणि तिसरं म्हणजे वेळ. वारा पडलेला असतो तेव्हा राब भाजतात, सकाळी नाहीतर सांजेला. भर दुपारी, सुसाट वाऱ्यात? भागीनं? चाळीस वर्षं राब भाजणाऱ्या बाईनं?

तिनं हे सगळं खरटमलांना फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, हे त्यांचं मोठेपण.

"पाटीलबाई, तिला राब भाजायचाच नव्हता. धूर घालायचा होता. मग ती माती कशाला टाकेल?"

"मग खाली शेण कशाला टाकील, साहेब? धूरच पायजे तर गोणपाट बास होता. हा ढीग कुनीतरी राब दिसावा म्हणून रचलाय."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "आणि आतली लोखंडी झडप? ती बंद असती तर धूर वर्गात गेलाच नसता."

हे संजीवनीला नवं होतं. झरोक्यांच्या मागे, वर्गाबाहेरच्या बोळात, झडप होती. शनिवारी ती बंद करून कुलूप लावायचे. चाव्या चार: प्रियांकाबाई, अभियंता अक्षय, मुकादम कुंडलिक आणि महादू.

"झोपायला गार हवा पाहिजे म्हणून महादूनंच उघडली असणार," खरटमल म्हणाले. "कोर्टात राख साक्ष देत नाही. उद्या दहापर्यंत दुसरं काही मिळालं तर बोला."

फोन बंद झाला. संजीवनी उठली, आणि उठताना तिची नजर जमिनीवर गेली. बांधापासून इमारतीकडे, नळ जिथून गेला होता त्या रेषेवर, वाळल्या गवतात पांढरं काहीतरी होतं.

चुन्याचं गोल रिंगण. ताटाएवढं. मधोमध जमिनीला बोटभर भेग.

वीस पावलांवर दुसरं. आणि तिसरं संडासाच्या टाकीजवळ, पण ते कुणीतरी बुटानं फरफटून पुसलं होतं. बुटाचे ठसे ताजे होते.

४

अक्षय डोंबिवलीचा, सत्तावीस वर्षांचा, रडून रडून डोळे सुजलेला. ओसरीत नकाशांच्या गुंडाळ्या मांडीवर घेऊन बसला होता, आजारी पोर घेऊन बसावं तसा.

"मावशी, ही इमारत कुणाला मारू शकत नाही. उलट हिच्यात वीज निम्म्याहून कमी लागते. बारा फुटांखाली माती बाराही महिने सव्वीस अंश..."

"ते मला ठाव हाय बाबा. तू मला येक सांग. राब कसा रचतात?"

अक्षय गोंधळला. "पालापाचोळा गोळा करून पेटवतात ना? रॉकेल टाकून?"

"शेण कुठं टाकतात? वर का खाली?"

"शेण पण टाकतात?" त्याचं तोंड उघडंच राहिलं.

संजीवनीनं त्याला मनातल्या मनात यादीतून पुसला. या पोराला चार थर बिनचूक लावता आले असते, तर कमळूच्या बैलानं बाराखडी म्हटली असती.

"भुयाराला काय दुखणं होतं का रे?"

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "वास यायचा. दोन महिन्यांपासून. मोठ्या वर्गात बसलं की मॅडमना मळमळायचं, साफसफाईच्या बाईला एकदा चक्कर आली. मॅडम म्हणाल्या, नळ कुठंतरी फुटलाय, टाकीतलं पाणी आत झिरपतंय. ठेकेदार म्हणाला, सिद्ध करा. वर लिहिलं तर उत्तर आलं, की हरित इमारतीच्या मानांकनाची समिती पुढच्या सोमवारी येतेय, तोवर खोदाखोद नको. आणि जूनमध्ये तर दीडशे मुलं बसणार इथं..."

"कुनी सिद्ध केलं?"

"कसं करणार? बारा फूट खाली आहे."

कुंडलिक बाहेर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसला होता. संजीवनीनं आधी त्याच्या बुटांकडे पाहिलं. उजव्याच्या टाचेला पांढरं लागलं होतं.

"रिंगण कशाला पुसलंस, कुंडलिक?"

तो उसळला. "कसलं रिंगण? पाटीलबाई, आमच्यावर घसरू नका. मी काय महादूच्या वाईटावर होतो? रोज दुपारी त्याच्या डब्यातली सुकटीची चटणी खाल्लीय मी."

"चुना तुज्या टाचंवर हाय."

त्यानं पाय मागं घेतला. मग म्हणाला, "आज सकाळी बघितलं. कोन्या येड्यानं काढलंय म्हनून पुसलं."

"टाकीजवळचंच बरं पुसलंस. बाकीची दोन नाय दिसली?"

कुंडलिक उठून चालता झाला. त्याला काहीतरी झाकायचं होतं, हे दगडालाही कळलं असतं. पण झाकणारा माणूस रिंगणं काढत नाही, आणि काढणारा पुसत नाही. शिवाय कुंडलिक दरसाल स्वतःच्या तीन खाचरांचा राब भाजायचा. माती टाकायला तो झोपेतही विसरला नसता.

म्हणजे धूर करणारा वेगळा. त्याला कुणाला मारायचं नव्हतं. त्याला बघायचं होतं, की धूर जमिनीतून कुठं कुठं वर येतो. जिथं आला तिथं त्यानं रिंगण काढलं. आणि लांबून बघणाऱ्याला वाटावं की कुणीतरी राब भाजतोय, म्हणून ढिगाला राबाचं सोंग दिलं.

शहरातला माणूस असता तर त्याला थर ठाऊक नसते. गावातला असता तर माती टाकली असती.

संजीवनी वळली आणि महादूच्या घराकडे चालू लागली. तिला एक नाव सुचलं होतं, आणि ते तिला नको होतं.

५

महादूच्या घरी बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. रंभा, त्याची बायको, कोरड्या डोळ्यांनी मध्येच एकेक वाक्य बोलायची आणि थांबायची.

"भाचीची हळद होती. सापगावला. साडेआकराच्या गाडीनं जायाचा होता. मी खण दिला, नारळ दिला. नवा सदरा घातला. म्हनलं, मी मागनं येते उद्या."

"मग गेला का नाय?"

"गाडीच नाय आली. येष्ट्या सगळ्या लग्नावाल्यांनी धरल्याल्या. फाट्यावर तासभर उभा होता म्हनं, टपरीवाल्या धाऊनं पाह्यला. मला वाटलं, मिळाली आसंल काय तरी. हितं आलाच नाय. त्या गारव्यात जाऊन पडला आसंल, घटकाभर." ती थांबली. "घरी आला असता तर मी ताक दिलं असतं."

संजीवनीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"रंभा, त्यो हळदीला जानार हे कुना कुनाला ठाव होतं? कुंडलिकला सांगितलं होतं?"

"कुंडलिकला? त्याला सांगितलं आसतं तर त्यानं रजाच बुडवली आसती. नाय. फकस्त म्याडमला. म्याडमनीच तर सोडला. ह्यो जात नव्हता, म्हनत होता इमारत मोकळी कशी टाकू. म्याडम म्हनल्या, महादूकाका, जाच तुमी, रविवारी कुनी फिरकनार नाय, मी बघते." रंभानं पदर तोंडाशी धरला. "लय गुनाची बाई. आज दोनदा आली, नुसती दारात उभी राहून गेली."

बाहेर ऊन उतरत होतं. संजीवनी पायरीवर बसून राहिली. एका बाजूला भागी, जिच्या शेळीला आज तिनं पाणी दाखवलं होतं. दुसऱ्या बाजूला ती पोर, जिच्या वाटचा पाला तिनं स्वतःच्या डोक्यावर वाहिला होता. भागी बिनवारशी, दोन गुंठ्यांची मालकीण. तिच्यासाठी वकील कोण देणार? आणि या पोरीसाठी अख्खा तालुका उभा राहिला असता.

हिशेब सोपा होता. म्हणूनच तिला त्याची लाज वाटली.

६

मंगळवारी सकाळी आठला ती मोठ्या वर्गात गेली. प्रियांका शेवटच्या बाकावर बसली होती, झरोक्याकडे पाहत. झडप आता बंद होती, पोलिसांनी दारं सताड उघडी टाकली होती आणि वर्गात उकडत होतं.

"संजूमावशी."

"बसून राहा. मी बोलते, तू आईक." संजीवनी पायरीवर टेकली. "तू लहान होतीस तवा पडवीतनं बघायचीस, आमी राब कसा रचायचो. शेण, फांद्या, पाला, गवत. सगळं बिनचूक ध्यानात ठेवलंस. हुशार पोर. पन आमी वर माती टाकायला जायचो तवा तुजी आई तुला हाक मारून आत न्यायची, धुळीनं खोकला होईल म्हणून. आन काडी कुठल्या अंगानं लावायची हे बघून कळत नाय. ते हात पोळल्यावर कळतं. तुजा हात आमी पोळू दिला नाय."

प्रियांकानं मान खाली घातली.

"शेरातल्या मानसाला येवढं ठाव नसतं. गावातल्याला याच्यापेक्षा जास्त ठाव असतं. मधलं मानूस या मुलखात एकच हाय, आन ते आमीच घडवलं."

प्रियांकानं मान वर करून दाराकडे पाहिलं.

"मी वर्ग बघितला होता, मावशी," प्रियांका शेवटी म्हणाली. "दारातून. बाकं रिकामी होती. हाकही मारली. धूर नळात ओढला जावा म्हणून झडप उघडली, दार ओढलं, बाहेर ढीग पेटवून चुना घेऊन फिरले. पाऊण तासात तिन्ही जागा सापडल्या. मला इतका आनंद झाला. काका बाकामागे, झरोक्याशी उरलेल्या गारव्यात निजले असतील हे..." ती बाकावरून उठली. "ते सापगावला गेले होते ना. मीच पाठवलं होतं."

"आन भागी? तिला डोळ्यादेखत गाडीत घातली."

"घाबरले." तिनं दुसरं काही सांगितलं नाही, आणि हे बरं केलं. मग म्हणाली, "मी सांगणार आहे. पण मी गाडीत बसले की दुपारपर्यंत कुंडलिक त्या भेगा सिमेंटनं भरेल. म्हणतील, बाईनं स्वतःची कातडी वाचवायला नळाची गोष्ट रचली. जूनमध्ये मुलं इथं बसतील, आणि कुणी चक्कर येऊन पडलं तर म्हणतील उन्हानं. मावशी, आधी खोदू दे. फक्त तेवढं."

संजीवनीनं तिच्याकडे पाहिलं. ही पोर सुटकेची वाट शोधत होती, की खरंच खड्ड्याचं बोलत होती? गावात एवढ्या खोट्या साक्षी ऐकलेली बाई ती. तिला डोळ्यांवरून कळलं नाही. तिनं ठरवलं, की कुदळीवरून कळेल.

"दहाला फौजदार येतात. खोदू. पन त्यानंतर येक घटका पन मी तुला देनार नाय. आन तू बोलली नाय, तर मी बोलीन."

७

"जागेचा पंचनामा म्हणजे जागा आतून पण बघावी लागते, साहेब," संजीवनी म्हणाली.

खरटमलांनी तिच्याकडे, चुन्याच्या पुसट रिंगणाकडे आणि घाम पुसणाऱ्या कुंडलिकाकडे आळीपाळीनं पाहिलं. सोलापूरचा माणूस, पण आंधळा नव्हता. "यंत्र लावा," म्हणाले.

संडासाच्या टाकीजवळ यंत्राचा पंजा खाली गेला. आठ फुटांवर ओल लागली. दहा फुटांवर वास आला, असा की पंचांनी नाकाला टोप्या लावल्या. बारा फुटांवर नळ दिसला. मागच्या पावसाळ्यात कधीतरी कुठल्यातरी यंत्राचा दात त्याला लागला होता. हातभर भगदाड. त्यावर गोणपाट आणि सिमेंटचा एक घाणेरडा थर, आणि त्याच्या कडेनं टाकीतलं काळं पाणी थेंब थेंब आत झिरपत होतं.

अक्षय खड्ड्याच्या काठावर मटकन बसला. कुंडलिक म्हणाला, "मालकांनी सांगितलं झाक म्हनून. मी म्हनलं होतं, बदलू. देवाशपथ म्हनलं होतं."

"हे ठाण्यात येऊन सांगायचं," खरटमल म्हणाले. मग त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पण पाटीलबाई, यानं माणूस मेला नाही. माणूस धुरानं मेला."

संजीवनीनं तोंड उघडलं. पण तिच्या आधी दुसरा आवाज आला.

"ती आग मी लावली, साहेब." प्रियांका पुढं झाली होती. "नळ कुठं फुटलाय ते बघायला. भागीमावशीचा काही संबंध नाही. वर्ग रिकामा आहे असं मी धरून चालले. चावी ही. चुन्याची पिशवी माझ्या गाडीच्या डिकीत आहे."

खड्ड्यात पाणी टपटपत राहिलं. खरटमलांनी दोनदा तेच विचारलं, तिनं दोनदा तेच सांगितलं. मग महिला पोलिसानं गाडीचं दार उघडलं आणि भागी खाली उतरली. लुगडं झटकलं. प्रियांका दाराशी पोचली, तेव्हा भागी तिच्या वाटेत उभी होती.

लोकांना वाटलं, आता शिव्या. भागीच्या शिव्यांना तालुक्यात जोड नव्हती.

"गाडीत मागनं बस," भागी म्हणाली. "आधी रंभाकडं जा. तुज्या तोंडानं सांग तिला. लोकांकडनं कळलं तर ती जलमभर तुला गुनाची बाई म्हनत बसंल, आन त्ये तुला झेपनार नाय."

प्रियांकानं खरटमलांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग दुसरीकडे तोंड केलं. "गाडी हळू मागून आणा," एवढंच चालकाला म्हणाले.

ती चालत निघाली. संजीवनी तिच्याबरोबर होती, पण दोन पावलं मागं. हात धरावा असं तिला दोनदा वाटलं आणि दोन्ही वेळा तिनं तो पदरात गुंडाळून घेतला. मागून पोलिसांची गाडी पहिल्या गिअरमध्ये, मयताच्या मागं चालावी तशी.

महादूच्या दारात बायका बाजूला सरकल्या. रंभा आत भिंतीशी बसली होती. म्याडमना उंबऱ्यात पाहून ती सवयीनं उठू लागली, पदर सारखा केला, आणि कोनाड्यातल्या तांब्याकडे हात नेला.

"या म्याडम, आत या. बसा. पानी देते."

"नको काकू," प्रियांका म्हणाली. "पाणी नको."

रंभाचा हात तांब्यावर तसाच राहिला. संजीवनी पुढं गेली, तिच्या बोटांतून तांब्या सोडवून घेतला आणि तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

"बस रंभा," ती म्हणाली. "आज तू बसून ऐकायचंस. उभी ती राहील."